दुसऱ्याच्या तोंडी

जिन्याच्या वळणावर शैलाला दत्तूचं हसणं ऐकू आलं आणि तिचा पाय पायरीवरच थबकला. हसणं ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, मग कधीतरी घरातून नाहीसं झालेलं. ते आता समोरच्या बिऱ्हाडातून, माधवीच्या अर्धवट उघड्या दारातून येत होतं. शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, म्हणून दत्तू ज्या सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हिशेब लिहायचा तेही बंद; आणि शैलाच्या मराठी शाळेला सुट्टी रविवारची. नवरा-बायकोची सुट्टी एका दिवशी यायची ती फक्त सणावारी. लूम बंद असले की कानातले बोळे काढल्यासारखं होतं. रोज त्या खडखडाटाखाली दबलेलं सगळं, कुणाचं खोकणं, कुणाच्या कुकरची शिट्टी, एकदम अंगावर येतं. त्यामुळेच शैलाला पुढचं बोलणंही शब्दन् शब्द ऐकू आलं.

"मालिका कशी निघणार ते मी सुरुवातीच्या संगीतावरूनच सांगतो, वहिनी," दत्तू म्हणत होता. "गोष्ट नंतर कळते, सूर आधी कळतो. ज्या मालिकेचं संगीत उगाच मोठ्यानं वाजतं ना, तिच्यात पुढं काही नसतं."

"वा! काय बोललात दत्तूभाऊ," माधवी म्हणाली. "इतकी वर्षं टीव्ही बघतेय, पण हे कधी लक्षात नाही आलं माझ्या."

शैलाने कठड्याला धरलं. खांद्यावरच्या पिशवीत तपासायच्या वह्या होत्या, त्यांचा पट्टा रुतत होता, तो तिने सरळही केला नाही. ते वाक्य तिचं होतं. नुसता विचार नव्हे, तेच शब्द, त्याच क्रमाने. दहा वर्षांपूर्वी त्यांनी हप्त्याने टीव्ही घेतला तेव्हा ती ते बोलली होती. पहिल्याच आठवड्यात, जमिनीवर चटई टाकून बसलेली असताना. तेव्हा दत्तू शेंगा सोलत होता आणि 'हं' म्हणाला होता. बस. नंतर इतक्या मालिका आल्या, गेल्या, रविवारच्या सकाळी निजामपुऱ्यातले रस्ते ओस पाडणाऱ्यासुद्धा, पण शैलाने ते पुन्हा कधी म्हटलं नाही. 'हं' या उत्तरावर एखादी गोष्ट पुन्हा किती वेळा सांगायची?

आणि खरं तर तिने दत्तूला अर्धंच सांगितलं होतं. खारबावला स्टेशनमास्तरच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिचा बा, कोंडू, रेल्वेत गँगमन. संध्याकाळी पाण्याची कळशी घेऊन ती क्वार्टरच्या मागून यायची तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायची धून वाजायची, आणि ती कळशी खाली ठेवून उभी राहायची. धून संपली की आतलं बोलणं पुटपुटल्यासारखं होई, काही कळत नसे. चित्रं तर भिंतीपलीकडे. पण सुरुवातीची धून खणखणीत बाहेर यायची, रुळांवरून पार खाडीकडे जायची. तेव्हा तिला वाटायचं की एवढा तुकडा आत बसलेल्यांसाठी नाहीच. त्यांना पुढचं सगळं दिसणारच आहे. हा तुकडा बाहेर उभ्या असलेल्यांसाठी आहे, म्हणून त्यात सगळं आलं पाहिजे. ज्याला हे कळत नाही त्याचं संगीत खोटं. हे दत्तूला ती बोलली नव्हती. बोलली असती तर आज तेही समोरच्या घरात गेलं असतं, चहाबरोबर.

ती वर गेली, आपल्या दाराचं कुलूप काढलं, मुद्दाम कडी वाजवली. दत्तू लगेच आला नाही.

माधवीचं आणि तिचं जुनं होतं. ठाण्याला डी.एड.ला दोघी एका बाकावर होत्या. पाठ घ्यायच्या वेळी माधवीचा खडू नेहमी तुटायचा आणि शैला आपला द्यायची. पुढे दोघींना भिवंडीतच नोकऱ्या लागल्या, आणि या बिल्डिंगीत समोरची जागा रिकामी झाल्याचं शैलानेच माधवीला सांगितलं होतं. माधवीचा नवरा शरच्चंद्र बँकेत अधिकारी. रेवती सहा वर्षांची झाली तेव्हा माधवीने शाळेतली नोकरी सोडली आणि मुलीला शाळेत घातलंच नाही. "मीच शिकवीन घरी," म्हणाली. "पन्नास पोरांच्या वर्गात काय होतं ते तुला आणि मला माहीत नाही का?" शैला हसली होती. तिला माहीत होतं. तिच्या वर्गात बासष्ट होती. पण ते वाक्य कुठेतरी जाऊन बसलं, आणि बसल्या जागी वाढत गेलं. तिची करुणा त्याच शाळेत, त्याच बासष्टांत, आईच्याच हाताखाली. एकदा करुणा संध्याकाळी येऊन म्हणाली, "आई, रेवतीला ढगांची नावं येतात. वेगवेगळ्या ढगांना वेगवेगळी नावं असतात. तुला माहीत होती?" शैलाला माहीत नव्हती. ती म्हणाली, "पाढे म्हण."

मुलीला शाळेत न घालण्याबद्दल बाला कोणी विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? बा स्वतः दोन वर्षं शाळेत गेला होता तो पडवीपर्यंत. मास्तर लांबून पाटी बघायचे, हात न लावता. बाच्या पोरीला ताप असो, पूर येवो, शाळा चुकवायची मुभा नव्हती. "जागा मिलालीय ना बसाया? मंग बसून ऱ्हायाचं. उठायचं न्हाय," एवढंच तो म्हणायचा. ज्या जागेसाठी बा जन्मभर ताठ उभा राहिला ती जागा माधवी हसत हसत सोडून देत होती, साडीवरचा धागा झटकावा तशी, आणि तिचं काही बिघडत नव्हतं. सोडून दिल्यावरही रेवतीला ढगांची नावं येत होती. शैलाला सगळ्यात जास्त जाळायचं ते हे. माधवी चुकली असती तर तिने तिला केव्हाच क्षमा केली असती.

रात्रीचं जेवण उरकताना तिने दत्तूला विचारलं, "ते संगीताचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुठलं?"

"मालिकेच्या सुरुवातीचं. दुपारी बोलत होतात."

दत्तूने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, घास हातात धरून. "कुणी नाही. मलाच सुचलं. का?"

"ते माझं आहे."

"तुझं?" तो हसला. दुपारचं ते हसणं नव्हतं. "असेल बाबा. संगीताचं काय एवढं घेऊन बसलीस?" आणि मग, तेल वाढायला सांगावं इतक्या सहज, "वहिनी म्हणतात, व्यापार खुला झाला तर आपल्या लूमचं भलंच होईल. बाहेरचं कापड आलं की इथले लोक जुने साचे मोडीत काढतील, चांगला माल करतील. त्या व्यापार करारावरून डंकेलला उगाच शिव्या घालतात म्हणे. मला पटलं."

कालपर्यंत हाच माणूस बाहेरचं कापड आलं तर सायझिंगला टाळं लागेल म्हणून धास्तावलेला होता. शैलाने त्याला तेव्हा सांगितलं होतं की भीती बरोबर आहे, ज्याच्याकडे नवीन यंत्र घ्यायला पैसा नाही त्याला खुल्या बाजाराचा काय उपयोग. त्यावर तो म्हणाला होता, "तुला काय कळतं त्यातलं." त्याचा माधवीवर डोळा असता तर बरं झालं असतं, असं शैलाला ताटं उचलताना वाटलं. त्याला नाव असतं, त्यावर भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. तसं काही नव्हतं. तो फक्त माधवीचं ऐकून घेत होता. शेंगा बाजूला ठेवून.

मे महिन्यात शाळेतल्या बाईंना पाहणीचं काम आलं. घरोघर जायचं आणि शाळेत न जाणारी मुलं शोधायची. शैलाच्या वाट्याला तिचीच बिल्डिंग आणि मागच्या लूमच्या गल्ल्या आल्या. गल्लीच्या टोकाला एका पत्र्याच्या खोलीत ठकुबाई नावाची बाई राहायची, मूळची अंजूरची. तिथली शेती विकली गेली, तिच्यावर गोदाम उभं राहिलं, नवरा गेला, आणि ती लूमवाल्याच्या सुताच्या कांड्या भरून देऊ लागली. खोलीत चरख्यासमोर एक आठ-नऊ वर्षांची पोर बसली होती. हात चालूच. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू.

"ही शाळेत जाते का?"

"न्हाय बाई. घरीच शिकते हाय ती."

"घरी? काय शिकते?"

"कांड्या भरते की. माज्यापरास भरभर." ठकुबाईच्या बोलण्यात अभिमान होता. "गोदू, बाईस्नी दाव."

शैला चिडली. इतकी की तिचं तिलाच नवल वाटलं. कायदा आहे, ती म्हणाली, पोरीला घरी ठेवणं गुन्हा आहे, उद्या पोलीस आला तर काय करशील? ठकुबाईने शांतपणे ऐकून घेतलं. "कायदा हाय ते बरा हाय बाई. पन मंग कायद्यानं कोनी येईल का माज्या कांड्या भरायला?" गोदूचे हात क्षणभरही थांबले नव्हते. ती शैलाच्या चपलांकडे बघत होती.

तिथून शैला सरळ माधवीकडे गेली. अंगाला घाम, पदराला सूत चिकटलेलं. रेवती खिडकीत बसून नकाशा रंगवत होती. पाहणीत रेवतीचंही नाव लिहावं लागेल, असं शैलाने सांगितलं.

"अगं, मग लिही ना शाळाबाह्य," माधवी म्हणाली आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "भितेस काय? यावं त्यांनी, मी बोलेन. सरकारनं मुलांना काय येतं ते तपासावं. कुठं शिकलात, कुणी शिकवलं, हे विचारायचं कारणच काय? शाळा चांगली असेल तर पोरं येतील आपणहून. नसेल तर बंद पडेल. बाजाराचंही तेच आहे, शैला. सक्ती करून का कुठं चांगला माल निघतो?"

"आणि तुझ्यासारखी आई नसेल तिनं काय करायचं?" शैलाने विचारलं.

"तिच्यासाठी शाळा आहेच की," माधवी म्हणाली. सहज. तिच्या आवाजात कुठलाही खवचटपणा नव्हता. शैला पाणी प्यायली. यादीत गोदूच्या नावाखाली रेवतीचं नाव लिहिताना तिला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. आता शिक्षण खात्याचे साहेब येतील, कायदा सांगतील, आणि जूनमध्ये रेवती दप्तर घेऊन ओळीत उभी राहील, करुणाच्या मागे.

साहेब आले. जुलैमध्ये, स्कूटरवरून. माधवीच्या घरी बसले, चहा घेतला, रेवतीला प्रश्न विचारले आणि तिने दिलेली उत्तरं वहीत लिहून घेतली. हे सगळं माधवीनेच शैलाला दारात उभं राहून सांगितलं, तिचे दोन्ही हात हातात घेऊन. "तुझ्यामुळे गं! तू नाव लिहिलंस म्हणून आले. मला म्हणतात, मॅडम, असे पालक हवेत. आमच्या शिक्षकांसमोर बोला म्हणाले, प्रशिक्षणात. मी काय बोलणार सांग? तुझी मदत लागेल हं मला."

शैला म्हणाली, "बोल की."

प्रशिक्षण शाळेच्याच हॉलमध्ये होतं, एका शनिवारी दुपारी. बाजूच्या गल्लीत लूम चालू होते, त्यामुळे माधवीला आवाज चढवून बोलावं लागत होतं. तरी ती छान बोलत होती. शैला चौथ्या रांगेत बसली होती, मुलांच्या बाकावर, गुडघे फळीला टेकलेले. ज्या फळ्यासमोर ती रोज उभी राहते त्याच्यासमोर माधवी, फिकट निळ्या साडीत, आणि खाली शहरातल्या सगळ्या बाया आणि मास्तर मान डोलावत होते. शैलाला एकदम त्या डी.एड.च्या वर्गाचा वास आला, ओला खडू आणि डब्यातल्या लोणच्याचा. त्या वेळी पाठ कुणाचा चांगला व्हायचा? तिचा. सगळे म्हणायचे. माधवीही म्हणायची. मग मधल्या वर्षांत काय झालं? काहीच झालं नव्हतं. तिने वर्ग घेतले होते. पावसाळ्यात गळणाऱ्या कोपऱ्यातून बाक सरकवले होते, नाकं पुसली होती, बेरजा तपासल्या होत्या. आणि माधवीने एका पोरीला शिकवलं होतं.

"मुलाला धडा शिकवायच्या आधी त्या धड्याचा सूर ऐकवावा," माधवी म्हणत होती. "आमच्या शेजारचे दत्तूभाऊ एक सुंदर गोष्ट सांगतात. मालिका कशी निघणार ते सुरुवातीच्या संगीतावरून कळतं म्हणतात. गोष्ट नंतर कळते, सूर आधी कळतो. साधा माणूस आहे, सायझिंगमध्ये हिशेब लिहितो, पण बघा किती खोल बोलतो!"

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी शैलाला कोपर मारलं, "तुमचे मिस्टर ना?" शैलाने मान हलवली. तिचे कान गरम झाले होते. आत्ता उठून सांगावं की ते माझं आहे? कुणाला सांगायचं? आणि सांगून काय मिळणार होतं, एक हशा? तिला वाटलं, आपण पुन्हा कळशी खाली ठेवून भिंतीबाहेर उभे आहोत आणि या वेळी आतून जे ऐकू येतंय ते आपलंच आहे. साहेब उठले, आभार मानले, म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि शैला उभी राहिली. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. गुडघा फळीवर आपटला.

"साहेब, पाहणीत माझ्या यादीत दोन मुली होत्या," ती म्हणाली. आवाज लूमखाली बुडत होता म्हणून तिने तो वाढवला. "दोन्ही घरी शिकणाऱ्या. एकीकडे तुम्ही गेलात. दुसरीकडे कोण गेलं?"

साहेबांनी कागद चाळले. "दुसरी कोण?"

"गोदू. मागच्या गल्लीत. ती कांड्या भरायला शिकते, घरीच. घरी शिकायची मोकळीक द्यायची म्हणता, तर ती तिलापण दिलीत का? की मॅडमांची मुलगी घरी राहिली की प्रयोग आणि ठकुबाईची राहिली की..." वाक्य पुरं झालं नाही. सगळे मागे वळून बघत होते. साहेब म्हणाले, चांगला मुद्दा आहे, नोंद घेतो. मग चहा आला.

शैला कपबशी घेऊन खिडकीशी गेली. लोक येऊन म्हणत होते, बरं बोललात बाई, आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण ती गोदूसाठी उठली नव्हती. मे महिन्यापासून तिला गोदूची आठवण एकदाही झाली नव्हती. रोज दोनदा ती त्या गल्लीच्या तोंडावरून जात होती. माधवीच्या टाळ्या तोडायला हाताशी काहीतरी हवं होतं, आणि ती पोर हाताशी आली.

माधवी तिच्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता, पण राग नव्हता त्यात. राग असता तर किती बरं झालं असतं. "बरोबर बोललीस तू," ती म्हणाली. "माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. लाज वाटली मला. कुठं राहते गं ती? मी बोलेन तिच्या आईशी. दुपारी रेवतीबरोबर बसवीन तिला. मला तसा वेळ असतोच."

शैलाला ते सगळं एका क्षणात दिसलं. माधवीच्या खिडकीतली चटई, तिच्यावर गोदू, केस धुतलेले, ढगांची नावं सांगणारी. साहेबांची स्कूटर पुन्हा खाली लागलेली. दत्तू दारात उभा राहून म्हणणारा, वहिनी, तुम्ही म्हणजे कमाल केलीत.

"नको," ती म्हणाली.

"अगं पण..."

"नको म्हटलं ना. ती माझ्या वर्गात येणार आहे. ठरलंय."

काहीही ठरलं नव्हतं. सोमवारी सकाळी शाळेच्या आधी ती ठकुबाईकडे गेली तेव्हा ठकुबाईने आधी ऐकूनच घेतलं नाही, मग ऐकलं, मग म्हणाली, "दुपारला सोडशील तर धाडते. संध्याकाळच्या कांड्या तिच्यावरच हाईत." नियमाने पोरगी पूर्ण वेळ बसायला हवी होती. शैला म्हणाली, सोडीन. पुस्तकं? देईन. कपडे? करुणाचा जुना गणवेश तिने पिशवीतून आणलाच होता. ठकुबाईने तो उलटसुलट करून पाहिला, शिवण ओढून बघितली आणि पोरीला घातला. मोठा होत होता. "आनि मन न्हाय रमलं तिचं तर?" तिने विचारलं. "रमेल," शैला म्हणाली, आणि एवढं तरी खरं व्हावं असं तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

गल्लीतून शाळेला सरळ वाट होती, मशिदीच्या मागून. पोरीचा हात धरून शैला डावीकडे वळली. गोदूचा हात खरखरीत होता, सुताने बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडलेल्या, आणि तो हातात राहत नव्हता, सारखा काहीतरी गुंडाळत असल्यासारखा हलत होता. ती वर बघत होती, दुकानांच्या पाट्यांकडे, तारांकडे. तिने विचारलं, "शाळा इकडं हाय?" शैला म्हणाली, "इकडूनही जाता येतं." बिल्डिंगीखाली आल्यावर तिची चाल आपोआप मंदावली. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुणी नव्हतं. रेवतीचा झगा वाळत होता, आतून माधवीचा आवाज येत होता, काहीतरी समजावून सांगणारा, सावकाश, एकाच मुलीला. शैला थांबली. आता माधवी बाहेर येईल, मग येईल. शाळेची पहिली घंटा झाली असेल, बासष्ट पोरं दाराशी कालवा करत असतील, हे तिला कळत होतं. तरी ती रस्त्यातच खाली बसली, गोदूला आपल्याकडे वळवलं आणि तिच्या गणवेशाच्या गळ्याशी दोन्ही हात नेले.

पोरीने थोडा वेळ तसंच चालू दिलं. मग हळूच म्हणाली, "बाई, बटन लागलेलं हाय."